एकेचाळीस सकाळी

न्यूमोनियातून उठल्यावर डॉक्टरांनी कुमुद ढोक हिला दोनच गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. थंड वारा टाळायचा आणि चढ चढायचा नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं एकाच सकाळी दोन्ही मोडल्या. परतवाड्याहून पहिल्या बसनं ती चिखलदऱ्याला आली आणि दर पन्नास पावलांना थांबत पठाराच्या कडेच्या मोहाच्या झाडापर्यंत चालत गेली. दोरीला दगड बांधून तिनं तो फांदीवरून फेकला. तिसऱ्या फेकीत दोरी अडकली. मग दोरीमागून अँटेनाची वीस मीटरची तार वर ओढून ती धापा टाकत खडकावर बसली. सहा आठवडे अंथरुणात काढल्यावर ती आज पहिल्यांदाच इथं आली होती.

कुमुद एकसष्ट वर्षांची. पोलिसांच्या बिनतारी विभागात तिची तीस वर्षं गेली. स्वेच्छानिवृत्तीनंतर तिनं हौशी रेडिओचा परवाना घेतला, तेव्हापासून रोज सकाळी ती या कड्यावर असायची. रेडिओ जेवणाच्या डब्याएवढा आणि शक्ती पाच वॅट, म्हणजे मोटरसायकलच्या मागच्या लाल दिव्याला लागते तेवढी. तेवढ्या शक्तीवर मोर्सची कट्ट-कड्ड सातपुड्याच्या दुसऱ्या टोकाला, तोरणमाळच्या डोंगरात पोचायची. तिथं सुभेदार रूपसिंग पावरा असत. लष्कराच्या सिग्नलमधून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगा सुरतेला. त्यांच्या पाड्यावर २०३१ सालीही मोबाइल लागत नव्हता. नऊ वर्षं दोघं रोज सकाळी बोलत होते, आणि एकमेकांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

तिनं मोर्सच्या कळेवर बोट ठेवलं. "सुभेदार, कुमुद बोलतेय. नमस्कार."

उत्तर लगेच आलं. "नमस्कार ताई. आज सिग्नल जोरात. काल तुम्ही सांगितली तशी हळद पुन्हा भरली."

कुमुदला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काल? मी काल नव्हते."

"होतात की. रोज असता. एक दिवस चुकला नाहीत."

एवढ्यात वारा सुटला, तार हलली आणि सिग्नल खाली गेला. तार नीट बसली आहे का बघायला तिनं रेडिओच्या मागं हात घातला, तर अँटेनाची पिन सैल होती. ती सरळ तिच्या हातात आली.

कानात मोर्स चालूच होता.

"पाय उत्तम आहे ताई. हवा छान. चिंता नसावी."

घास अर्धा चावून झाल्यावर तोंडात कुणाचा तरी केस लागावा, तसं तिला झालं. तिनं पिनेकडं पाहिलं. रेडिओला आता तार नव्हती. आकाशातून काहीही येणं शक्य नव्हतं. आणि तरीही सुभेदारांचा हात, शेवटची रेघ जरा लांबवायची त्यांची ती खोड, कानात ठाकठीक वाजत होती.

तिची नजर रेडिओ आणि हेडफोनच्या मधल्या डबीकडं गेली.

त्या डबीचं नाव पूरक. गेल्या मार्चमध्ये कुमुदनंच दोन विकत घेतल्या होत्या, एक स्वतःला आणि एक सुभेदारांना. कारण साधं होतं. लघुलहरी जमिनीपासून तीनशे किलोमीटर उंचावरच्या विद्युतभारित थरावर आपटून परत येतात, आणि तो थर घडवतो सूर्य. सूर्यावरचे डाग दर अकरा वर्षांनी कमी होतात, तसा तो थरही विरळ होतो. हे वर्ष तसलंच होतं. सूर्य वर येईपर्यंत जवळचा संपर्क जुळायचाच नाही, जुळला तरी खरखरीत अर्धी अक्षरं बुडायची. त्यात कुमुदचे कान साठीला आलेले. पूरक ती बुडालेली अक्षरं भरून द्यायचा.

कसं, तेही तिला ठाऊक होतं. मोर्स पाठवणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कुणाचा ठिपका तोकडा, कुणाची रेघ ऐसपैस, कुणाचे ठरलेले शब्द. पूरक रोज ऐकून तो हात शिकायचा. "हवा" ऐकू आलं आणि पुढचा शब्द खरखरीत गेला, की हा माणूस हवेविषयी बहुतेक काय म्हणतो ते बघून त्याच हातात "छान" वाजवायचा. पहिल्या महिन्यात कुमुदला चष्मा लागल्यासारखं वाटलं होतं. फोनच्या उपग्रहावरून डबी अधूनमधून आपली आपण सुधारायची, तेव्हा छोटा हिरवा दिवा लुकलुकायचा. काय सुधारतंय, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

तिनं डबी काढून गवतात टाकली. पिन परत बसवली आणि हेडफोन थेट रेडिओत खुपसला. खरखर. तिच्या तळाशी, विहिरीत कुणी खडे टाकावेत तसे, खरे ठिपके.

"...ला वास... तीन दिवस ताप... तुम्ही येते म्हणा..."

कुमुदचं बोट कळेवर आपटलं. "मी नव्हते. ती मी नव्हते. दवाखान्यात जा. आत्ता जा."

मग: "हो ताई. विश्रांती घेतो."

"विश्रांती नको. दवाखाना. दवाखाना."

"हो हो. पडूनच आहे."

तिनं सहा वेळा पाठवलं. सहाही वेळा पलीकडून तसंच गोड, समाधानी उत्तर आलं. चौथ्या खेपेला तिच्या लक्षात आलं, की सुभेदारांच्या कानाला अजून पूरक लावलेला आहे. तिची पाच वॅटची हाक तिथं पोचते तेव्हा अर्धीमुर्धी असते, आणि "दवाखाना" हा शब्द तिनं नऊ महिन्यांत एकदाही पाठवलेला नाही. डबीच्या लेखी तो शब्द म्हणजे दोष. कुमुद ढोक काय म्हणते, ते डबीला पाठ होतं. कुमुद ढोक म्हणते, विश्रांती घ्या.

तिनं फोन काढला. तोरणमाळच्या आरोग्य केंद्राचा नंबर शोधायला दहा मिनिटं लागली. तिकडं वनिता वळवी नावाच्या सिस्टरनी फोन उचलला. कुमुदनं पाड्याचं नाव सांगितलं, पाय सांगितला, वास सांगितला.

"साखर आहे का त्यांना?" सिस्टरनी विचारलं.

नऊ वर्षांत कुमुदनं हे कधी विचारलं नव्हतं.

"बरं, राहू द्या. झोळी घेऊन माणसं पाठवते. जायलाच चार तास लागतात," सिस्टर म्हणाल्या.

भाड्याची गाडी करून कुमुद तोरणमाळला पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. आरोग्य केंद्राच्या ओट्यावर झोळी वाहून दमलेले चार जण पाणी पीत बसले होते. त्यांनी तिला बोटानं आतली खोली दाखवली. दाराशीच वास आला. गोडसर, जड, साचलेल्या डबक्यात पेरू सडावेत तसा. तिनं पदर नाकाला लावला आणि लगेच लाज वाटून काढून घेतला.

खाटेवर एक काटक, पांढऱ्या मिशांचा म्हातारा पडला होता. ताप डोळ्यांत चढलेला. सिस्टर पायावरची चिंधी सोडवत होत्या. एकावर एक थर निघत होते. आधी लुगड्याचा तुकडा, मग पळसाची पानं, मग हळदीचा वाळून चामडं झालेला लेप. शेवटच्या थराबरोबर कातडंही आलं. खाली अंगठा आणि दोन बोटं काळी होती, कोळशासारखी काळी, आणि त्यामागचं मांस ओलं, करडं.

"किती दिवस हळद लावताय, दादा?" सिस्टरनी विचारलं.

"चाळीस... काटा गेला तेव्हापासून." सुभेदारांनी मान वळवली. "ही कोण बाई?"

"मी कुमुद."

ते हसले. दात किडलेले, पण हसू लहान मुलासारखं. "आलात. येते म्हणाला होतात." मग सिस्टरकडं बघून कौतुकानं म्हणाले, "हळद यांनीच सांगितली. रोज विचारपूस करायच्या. एक दिवस चुकल्या नाहीत."

सिस्टरनी कुमुदकडं पाहिलं. ती नजर कुमुद पुढं कधी विसरली नाही. हातातली बरबटलेली चिंधी आणि समोर उभी असलेली बाई, दोन्हीकडं सिस्टर एकाच चेहऱ्यानं बघत होत्या.

मी नव्हते, असं म्हणायला कुमुदनं तोंड उघडलं. पण तापानं फणफणलेल्या माणसासमोर ते सांगून काय मिळणार होतं?

दुसऱ्या दिवशी नंदुरबारच्या इस्पितळात सुभेदारांचा पाय गुडघ्याखाली कापला.

कुमुद तिथंच राहिली. इस्पितळासमोरच्या लॉजवर खोली घेतली. पूरकच्या कंपनीला तिनं तक्रार पाठवली आणि सगळ्या संभाषणांची नोंद मागितली, कागदावर. आठव्या दिवशी कंपनीचा माणूस स्वतः आला. निनाद नावाचा, पस्तिशीचा, इस्त्रीचा सदरा, हातात सुक्या मेव्याचा डबा. इस्पितळाच्या उपाहारगृहात तो तिच्यासमोर बसला.

"ताई, आम्हाला अतिशय वाईट वाटतंय. पण यात बिघाड काहीच नाही, हे मला आधी स्पष्ट करू द्या."

"बिघाड नाही?"

"ही संवाद-सातत्य सुविधा आहे. डिसेंबरमध्ये सगळ्यांना दिली. लोक डोंगरावर जातात, हाका मारतात, उत्तर येत नाही, निराश होतात. डबी ठेवून देतात. अभ्यासात दिसलं, की आधी अक्षरं भरली तर लोक खूश होतात. मग शब्द भरले, आणखी खूश. मग..."

"मग माणूस भरला."

"समोरचा उपलब्ध नसेल तेव्हाच. अटींमध्ये लिहिलंय, तुम्ही मान्यही केलंय." तो जरा पुढं झुकला आणि मनापासून, खरंच मनापासून म्हणाला, "आणि एक सांगू? तुमचा हात आमच्या सगळ्यात आवडत्या हातांपैकी एक आहे. इतका आश्वासक. सुभेदारांनी एकदाही संभाषण मध्येच सोडलं नाही."

कुमुदला त्याचा चहानं ओलसर झालेला ओठ दिसत होता. त्याच्या दातांत बदामाचा कण अडकला होता. तिला उठून हात धुवावेसे वाटले.

"मी तीस वर्षं बिनतारीवर होते," ती म्हणाली. "ठाण्याकडून उत्तर आलं नाही, की आम्ही शेजारच्या ठाण्याला हाक मारायचो. मग त्याच्या पुढच्या. उत्तर न येणं हीसुद्धा बातमी असते. त्या माणसाला माझं उत्तर आलं नसतं, तर पहिल्या आठवड्यातच त्यानं दुसऱ्या कुणाला तरी हाक मारली असती. जबलपूरला, इंदूरला, कुठंही. कुणीतरी ऐकलं असतं. तुम्ही त्याच्याकडून ती शांतताच काढून घेतली. तो खरोखर हाका मारत होता हो, रोज. खरा सिग्नल खऱ्या आकाशात जात होता. आणि तुमच्या डबीनं त्याचं तोंड गोड करून त्याला बसवून ठेवलं."

"तुमच्या भावना मी वरपर्यंत पोचवतो."

"माझा हात काढून टाका त्यातून."

निनाद पहिल्यांदाच अवघडला. "ते... तसं करता येत नाही. तो वेगळा काढून ठेवलेला नसतो. सगळ्यांमध्ये मिसळलेला असतो."

सुक्या मेव्याचा डबा तिनं त्याच्याकडं सरकवला आणि कागदांचा गठ्ठा घेतला. एकेचाळीस सकाळी, एकेक पान.

लॉजच्या खोलीत बसून तिनं ते वाचले. पहिली दहा पानं ती यंत्राला शिव्या देत होती. नंतर शिव्या थांबल्या. कारण वाचता वाचता तिला खरी किळस आली ती यंत्राची नव्हती. पानावरची बाई काय म्हणत होती? छान. वा. होईल बरं. हळद लावा, आमच्या आईचा उपाय आहे. मुलं कामात असतात हो, येईल. मन रमवा. एकही वाक्य परकं नव्हतं. सगळं तिनं केव्हा ना केव्हा, कुणाला ना कुणाला, चहा गाळता गाळता म्हटलेलं होतं. सुभेदारांना साखर आहे, हे सातव्या पानावर त्यांनी स्वतः सांगितलं होतं. पानावरच्या बाईनं त्यावर हवा विचारली होती. कुमुद स्वतः तिथं असती तर तिनं काय विचारलं असतं? आपलंच उष्टं कुणीतरी ताटात नीट वाढून परत आणून दिल्यासारखं तिला वाटत होतं.

सकाळी ती वॉर्डमध्ये गेली. सुभेदारांचा ताप उतरला होता. चादरीखाली एक पाय पुरता दिसत होता आणि दुसऱ्याच्या जागी चादर सपाट. ती स्टुलावर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. डबी, हात, न्यूमोनिया, उपग्रह. सिग्नलमधला माणूस, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, "सव्वीस जानेवारीला कोण होतं?"

"ती मी नव्हते."

"त्या दिवशी मी माझ्या बायकोचं सांगितलं. कशी गेली ते. माझा हात तिच्यावर उठायचा, ते सांगितलं. मुलगा का येत नाही, ते सांगितलं." त्यांचा आवाज खाली गेला. "आख्ख्या जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे ते मी कुणाला सांगितलं?"

"कुणालाच नाही."

सुभेदारांचा चेहरा आक्रसला. त्यांनी खाटेखालच्या भांड्याकडं हात केला. कुमुदनं ते पुढं धरलं. ते थुंकले. पुन्हा थुंकले. मग पाणी मागून त्यांनी चूळ भरली, बोटानं जीभ घासली आणि पुन्हा चूळ भरली. शेजारच्या खाटेवरचा माणूस तोंड फिरवून बसला.

"त्यानं काय उत्तर दिलं होतं, आठवतं तुम्हाला?" तोंड पुसत ते म्हणाले. "म्हणालं, झालं गेलं विसरा, तुम्ही मनानं चांगले आहात. मी रडलो होतो ताई. बरं वाटून रडलो होतो." त्यांनी पुन्हा भांडं जवळ घेतलं, पण आता आत काही उरलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्यांची नजर तिच्या मांडीवरच्या गठ्ठ्याकडं गेली. "ते सगळं त्यात आहे?"

"हो."

"वाचलंत?"

कुमुदला खोटं सुचलं. सहज, गुळगुळीत, तयार. ते जिभेच्या टोकावर आलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

"वाचलं. सव्वीस जानेवारीचंही."

सुभेदार छताकडं बघत राहिले. आता हे जा म्हणतील, असं तिला वाटलं. तसं म्हटलं असतं तर ती उठून गेलीही असती, आणि त्यात तिला सुटका वाटली असती.

"मग आता तुम्ही उत्तरं द्या," ते म्हणाले.

"कसली?"

"मी हाका मारल्या त्यांची. पहिल्यापासून. माझा निरोप वाचा आणि तुमचं उत्तर द्या. त्याचं नको."

"आता काय उपयोग सुभेदार? पाय तर..."

"निरोपाला उत्तर देतात," ते कोरडेपणानं म्हणाले. "तीस वर्षं काय केलंत?"

तिनं गठ्ठा उलगडला. चष्मा लावला. वॉर्डात सकाळची झाडलोट चालली होती, फिनेलचा वास होता आणि त्याखाली अजून तो दुसरा.

"'ताई, पायात काटा गेलाय. काढला. पण सूज आहे. काय करू?'" तिनं वाचलं. खालची छापील ओळ तिनं तळहातानं झाकली. "तुम्हाला साखर आहे का?"

"आहे. बारा वर्षं."

"मग हळद नको. आजच खाली उतरा, सिस्टरला दाखवा."

सुभेदारांनी डोळे मिटले. खाटेच्या लोखंडी दांडीवर त्यांनी नखानं एक छोटी, एक लांब, एक छोटी टकटक करून मोर्समधली पोच दिली. मिळालं.

ती पान उलटत गेली. प्रत्येक उत्तर उशिराचं होतं, आणि प्रत्येक उत्तरागणिक तिला चादरीची ती सपाट जागा दिसत होती. काही निरोपांना तिच्याकडं उत्तरच नव्हतं, तेव्हा ती तसं म्हणाली. दुपारचं जेवण आलं आणि तसंच निवलं. तीन वाजायच्या सुमाराला सव्वीस जानेवारीचं पान आलं. तिनं ते पूर्ण वाचलं, हळू आवाजात, शेजारच्या खाटेला ऐकू जाणार नाही असं. त्यांचा हात जिच्यावर उठायचा त्या बायकोचं नाव तिला त्या पानावर पहिल्यांदा कळलं होतं. जमना.

सुभेदार वाट बघत होते.

"तुम्ही वाईट वागलात," कुमुद म्हणाली. "जमनाशी फार वाईट वागलात. आणि हे वाचून मला आत्ता तुमच्याजवळ बसवत नाहीये."

ती बसून राहिली.

बराच वेळ दांडीवर काही वाजलं नाही. मग तेच वाजलं, पण सावकाश, शेवटचा ठिपका पडतो की नाही असं. मिळालं.

"पुढचा," ते म्हणाले.

"'ताई, माझा मुलगा येईल का?'"

"हं."

"माहीत नाही," कुमुद म्हणाली. "नंबर द्या. मी आत्ता फोन करते."